मागची दोन चाकं

बदलापुरात राहणाऱ्या माणसाला निसर्गाकडे जावं लागत नाही. निसर्ग जिना चढून वर येतो. उल्हास नदी फुगायला लागली की आमच्या सोसायटीतली मंडळी गाड्या उंचावर नेऊन लावतात आणि गच्चीवर उभी राहून, पाणी कुठवर आलं ते बघत भजी खातात. २७ जुलै २०१९ ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांची सुटका करावी लागली. जिथे अख्खी रेल्वे अडकते तिथल्या माणसाने आपणहून गाडी घेऊन चिखलात जावं, याला काहीतरी कारण लागतं. माझं कारण ब्रिस्बेनला राहतं.

तो माझा मावसभाऊ. लहानपणी गावाला रात्री परसाकडे जायला घाबरायचा. मी कंदील धरून सोबत जायचो आणि त्याचं होईपर्यंत मोठ्याने पाढे म्हणायचो. हाच माणूस आता दर मोठ्या सुट्टीत बायको-पोरांना आणि तंबूला गाडीत घालतो आणि फ्रेझर बेटावर जातो. गारी म्हणतात त्याला हल्ली. जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. तिथे फोर व्हील ड्राइव्ह गाडीशिवाय जाताच येत नाही. समुद्रकाठची वाळू हाच तिथला अधिकृत हायवे आणि त्यावर ताशी ८० ची वेगमर्यादा. डिंगो नावाची रानकुत्री तंबूभोवती फिरतात. हे सगळं तो फॅमिली ग्रुपवर टाकतो, खाली आमच्या आत्या हात जोडलेली चिन्हं टाकतात आणि माझा थोरला माझ्याकडे बघतो.

‘‘बाबा, आपण सुट्टीत काय करतो?’’

आपण सुट्टीत अंबरनाथला मावशीकडे जातो. १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर बघतो, ‘बघ, किती बारीक कोरीवकाम आहे’ असं मी दरवर्षी म्हणतो, मावशीकडे साबुदाणावडे खातो आणि लोकलने परत येतो. चंदेरीचा सुळका तर मी रोजच बघतो, डब्याच्या दारातून, कुणाच्या तरी बगलेखालून. मुंबईकर दर शनिवारी ज्या डोंगरांसाठी धडपडत बदलापूर गाठतात, त्याच शनिवारी आम्ही एसीची हवा खायला कल्याणच्या मॉलमध्ये असतो. हे पोराला सांगणार कसं? मी म्हणालो, ‘‘या दिवाळीच्या सुट्टीत कॅम्पिंगला जाऊ. फोर बाय फोर घेऊन.’’

बायकोने पोळी लाटता लाटता विचारलं, ‘‘कुणाची?’’

हा आमच्या संसारातला मूलभूत प्रश्न आहे.

गाडी साडूंची. अंबरनाथ पूर्वेला त्यांच्या सोसायटीत ती कापडाखाली उभी असते आणि दसरा, पाडवा आणि जवळच्या नात्यातली लग्नं एवढ्यालाच बाहेर येते. मॉडेलचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीचा काही दोष नव्हता. उंच, चौकोनी, जीपच्या वळणाची. मागे चकचकीत अक्षरांत ‘फोर बाय फोर’. साडू तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. ‘‘न्या हो. डोंगर चढेल. फक्त मागे चिवडा सांडू देऊ नका.’’

मी तिच्यात बसलो आणि माझं बालपण जागं झालं. आमच्या लहानपणी जीप म्हणजे एकतर निवडणूक, नाहीतर वडाप. दुसऱ्या महायुद्धात नाव काढलेल्या विलीज जीपची जोडणी महिंद्रांनी चाळीसच्या दशकाअखेर मुंबईत सुरू केली, ती माणसाने दुर्गम भागात कामधंद्याला जावं म्हणून. आमच्या सातारा भागातल्या ड्रायव्हरांनी तिच्यात वीस माणसं, दोन बोकड आणि लग्नाचं रुखवत घालून तिची खरी ताकद जगाला दाखवली. मी स्वतः मागच्या फळीवर एका पायावर उभा राहून मामाच्या गावाला गेलेलो आहे. त्यामुळे ऑफरोडिंग माझ्या रक्तात आहे, असं मी मुलांना सांगितलं. धाकटीने विचारलं, ‘‘म्हणजे ब्लड टेस्टमध्ये येतं का?’’

तंबूसाठी उल्हासनगर. लग्नाचा शालू असो की सोफा, जपानी बाजार, गजानन मार्केट आणि फर्निचरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या की काम होतंच. तंबूवाल्याच्या गल्ल्यावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मी ऐटीत म्हणालो, ‘‘कॅम्पिंग के लिए चाहिए. फॅमिली कॅम्पिंग.’’

‘‘कितने दिन?’’

‘‘एक रात.’’

‘‘अच्छा है,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘मेरे पिताजी को भी थोडे दिन बोलके ही भेजा था.’’

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या युद्धकाळातल्या लष्करी छावणीत उतरवलं गेलं. त्या बराकींचंच पुढे शहर झालं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्याची कोनशिला बसवली आणि नदीवरून उल्हासनगर नाव पडलं. आजही पत्ता सांगताना तिथे कॅम्पचा नंबर आधी येतो. अशा माणसापुढे मी वॉटरप्रूफ आहे का, मच्छरदाणी आतून लागते का, असल्या चौकश्या करत होतो. त्यांनी एक शब्द न बोलता मला चार माणसांचा, दोन सेकंदांत आपोआप उघडणारा तंबू दिला. गोल पिशवीत, स्प्रिंगच्या तारांचा. ‘‘खोलना आसान है,’’ एवढंच म्हणाले. बंद करण्याबद्दल काही बोलले नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

जागा मिळाली ती डब्यातल्या ग्रुपमुळे. आमच्यातल्या एकाच्या ओळखीच्यांचं माळरान आहे, कोंडेश्वरच्या रस्त्याला, भोजच्या पुढे. बायकोने एकच अट घातली: पाण्याच्या जवळपास जायचं नाही. कोंडेश्वरच्या कुंडात पावसाळ्यात माणसं बुडाल्याच्या बातम्या आम्ही दर वर्षी वाचतो, त्यामुळे यावर वाद नव्हता. ऑक्टोबर संपत आला होता, पण परतीचा पाऊस दोनच दिवसांपूर्वी कोसळून गेला होता. हे मी हवामानाची बातमी म्हणून वाचलं. रस्त्याची बातमी म्हणून वाचायला हवं होतं.

आम्ही पश्चिमेला राहतो. कोंडेश्वर पूर्वेकडून. म्हणजे उड्डाणपूल. बदलापूरच्या उड्डाणपुलावर शनिवारी संध्याकाळी गाडी घालणं हा धैर्याचा वेगळा प्रकार आहे, त्याला चारही चाकांची ताकद उपयोगी पडत नाही. पुलाच्या मध्यावर आम्ही ठप्प झालो. पुढे कचऱ्याचा डंपर, मागे शाळेची बस, बाजूला रिक्षांची रांग. मी मुलांना क्लच, गिअर आणि संयम यांचं नातं समजावत होतो. तेवढ्यात मागून धाकटीचा आवाज आला, ‘‘बाबा, हा पट्टा कशाचा आहे?’’

फाट्, असा आवाज झाला.

काय झालं ते कळायच्या आत माझ्या डोक्यावर हिरवं नायलॉन आलं. स्प्रिंगच्या एका तारेने आरसा फिरवला, दुसरीने बायकोचा चष्मा उडवला, आणि चार माणसांचा तंबू चार माणसं आत असलेल्या गाडीत पूर्ण क्षमतेने उभा राहायचा प्रयत्न करू लागला. समोरची काच दिसेना. नेमका तेव्हाच डंपर सरकला आणि मागच्या बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मी नायलॉनमध्ये तोंड घालून ब्रेक शोधत होतो. धाकटी तंबूच्या आत होती आणि आतून खिदळत होती. थोरला म्हणाला, ‘‘बाबा, झिप कुठे आहे ते बघा, मग तुम्हाला बाहेर बघता येईल.’’ मी झिप शोधली, उघडली, तीतून डोकं बाहेर काढलं आणि त्याच अवस्थेत गाडी हाकली. शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून बघितलं. ‘‘काका, मांडव कुणाकडचा? मुलीकडचा?’’

पूल उतरून गाडी बाजूला घेतली आणि तंबू मिटवायला लागलो. आठाचा आकडा करून पीळ द्यायचा असतो, असं थोरल्याने मोबाइलवर बघून सांगितलं. मी आठ केला, नऊ केला, एकदा तर मीच त्यात पिळला गेलो. एका टपरीवाल्याने चहा बाजूला ठेवून मदत केली, दोन कॉलेजची पोरं आली. पाच पुरुषांनी मिळून त्याचा फार तर अर्धचंद्र केला. शेवटी मागचं दार अर्धवट उघडं ठेवून, दोरीने बांधून, तंबूचं एक टोक बाहेर फडफडत ठेवून निघालो. बायको म्हणाली, ‘‘अहो, मागची अक्षरं झाकली गेली.’’ मी उतरून ती दिसतील असा तंबू सरकवला.

खरवई गेली, वस्ती विरळ झाली आणि मी बोलायला लागलो. फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे काय, लो रेंज म्हणजे काय, उतारावर ब्रेक का दाबायचा नाही, इंजिनालाच गाडी कशी धरू द्यायची. हे सगळं मी ब्रिस्बेनच्या व्हिडिओखालचं वाचून आलो होतो. दोन्ही बाजूंना भात कापणीला आलेला, चंदेरीवर ऊन कललेलं, पोरं खिडकीत. डांबरी सोडून आत वळायचं होतं तिथे आम्ही वळलो. छान रुंद वाट होती, मधे बारीक गोटे, दोन्हीकडे बांध. शंभर पावलांवर मधोमध एक ओला पट्टा होता. वरून साय धरलेला. मी थांबलो, मुलांकडे वळून म्हणालो, ‘‘आता बघा,’’ आणि गाडी घातली.

त्यांनी बघितलं.

गाडी मधल्यामध्ये बसली. म्हणजे म्हैस बसते तशी नाही, खुर्चीवर पाहुणा बसतो तशीही नाही; मागच्या मागे, एका कुशीवर, धुर्र करत. मी ॲक्सिलरेटर दाबला. डावं मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि चिखलाचा फवारा तंबूवर गेला. बाकीची तीन चाकं शांत.

थोरला बारा वर्षांचा आहे, पण गाड्यांच्या बाबतीत चाळिशीचा. तो म्हणाला, ‘‘बाबा, हे डिफरन्शियल आहे. ज्या चाकाला पकड नसते ते सुटतं आणि ताकद सगळी तिकडेच वाया जाते.’’ ज्याच्या पायाखाली जमीन नाही त्याच्याच पदरात सगळं, ही योजना मला कुठेतरी ओळखीची वाटली. ‘‘म्हणून फोर व्हील लावायची असते,’’ तो पुढे म्हणाला. ‘‘लावा ना. गिअरच्या शेजारी छोटा लिव्हर असतो बघा.’’

मी बघितलं. गिअरच्या शेजारी एक खण होता. त्यात पाच-दहाची नाणी, फास्टॅगची पावती आणि बडीशेपेची पुडी होती. मी सीटखाली हात घातला. स्टिअरिंगच्या मागे बघितलं. मग साडूंना फोन लावला. रेंज फुल्ल होती, दुर्दैवाने.

‘‘साडूभाऊ, तो दुसरा लिव्हर कुठे असतो हो?’’

‘‘कुठला दुसरा?’’

‘‘छोटा. गिअरच्या बाजूचा.’’

बराच वेळ पलीकडून टीव्हीचा आवाज येत राहिला. मग ते आणखी खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘तिथे चिल्लर ठेवायचा खण आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘मग तोच.’’

या गाड्या हल्ली नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्याही मिळतात. दिसायला तशाच, किमतीला बऱ्याच कमी. साडूंचं म्हणणं, आपल्याला अंबरनाथ-कल्याण जायला चार चाकं कशाला लागतात. मुद्दा बिनतोड होता. मी विचारलं, ‘‘मग मागची अक्षरं?’’

‘‘ती उल्हासनगरला बसवून घेतली. साडेतीनशे. कंपनीची वाटतात ना?’’ आणि मग एकदम, ‘‘का हो? काय झालं? चिवडा सांडला का?’’

फोन स्पीकरवर होता. बायको खिडकीबाहेर चंदेरीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

थोरल्याने दुसरा उपाय काढला: चिखलात टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. उपाय शास्त्रशुद्ध आहे. तीसच्या आसपासची हवा अठरावर आणतात. मी किल्लीच्या टोकाने चारही टायरांची हवा सोडली. मोजायला गेज नव्हता, म्हणून फुस्स आवाजावरून अंदाज घेतला. चाकाखाली पायपुसणी घातली, मग सतरंजी घातली, मग बायकोची नजर चुकवून तिची शाल. गाडीने तिन्ही वस्तू एकेक करून गिळल्या आणि आणखी चार बोटं खाली गेली. हवा परत भरायची कशाने, हा विचार तेव्हा मनाला शिवला. पंप नव्हता.

बांधावरून एक काका खाली आले. खांद्यावर गवताचा भारा. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, तंबूकडे बघितलं, माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे बघितलं.

‘‘कुठं चाललात?’’

‘‘त्या माळावर. ही वाट तिकडेच जाते ना?’’

‘‘ही वाट नाही. हा ओहोळ आहे. पाऊस थांबला म्हणून वाट दिसते.’’ मग पलीकडे बोट करून म्हणाले, ‘‘वाट ती.’’ वीस पावलांवर, आमच्याच बाजूने, चांगला खडीचा रस्ता जात होता. त्यावरून एक मुलगा स्कूटीवर दूध घेऊन चालला होता.

ट्रॅक्टर त्यांच्या पुतण्याचा, पण तो भाडं घेऊन गेला होता, सकाळी येणार होता. ‘‘आता रात्रीचं कुठं जाता? घरी चला,’’ काका म्हणाले. मी म्हणालो, ‘‘नको, आमच्याकडे तंबू आहे.’’ हे वाक्य मी दिवसभर घोकलेलं होतं, ते वाया घालवणं जिवावर आलं. तेव्हा त्यांच्या खळ्यावर, घरापासून हाकेच्या अंतरावर, आम्ही कॅम्प टाकला. तंबू उभा करायला काहीच लागलं नाही. तो कधीचाच उभा होता.

दार पूर्वेकडे ठेवायचं मी आधीच ठरवलेलं, म्हणजे पहाटे मुलांच्या तोंडावर सूर्योदय. पूर्व म्हणजे आम्ही आलो त्याच्या पुढची बाजू, डोंगराकडची. बदलापूर पूर्वेच्याही पूर्वेला आणखी काय असणार? तंबू फिरवून दार चंदेरीकडे केलं.

गॅसची छोटी शेगडी आणली होती, तिची नळी घरी राहिली होती. काकांच्या घरच्या मावशींनी चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या टाकायला घेतल्या, सोबत सुकटीची चटणी. आमच्या घरात सुकटीचा वास आला की धाकटी नाकाला रुमाल बांधून गॅलरीत जाऊन बसते. इथे ती चुलीसमोर उकिडवी बसली, मावशींच्या नातीच्या शेजारी, आणि तिने दुसरी भाकरी मागून घेतली. मी मधे बोललो नाही. थोरला गोठ्यात होता. जेवणानंतर दोघंही त्या घराच्या ओटीवर चार पोरांच्या रांगेत गोधडीत शिरली. बायको म्हणाली, ‘‘मी पण इथेच पडते, पोरं घाबरतील.’’ पोरं तेव्हा भुताच्या गोष्टी सांगत होती आणि घाबरलेलं कुणी दिसत नव्हतं.

चार माणसांच्या तंबूत मी एकटा झोपलो. सामानाची राखण, असं कारण दिलं. मच्छरदाणीची झिप मी तोंड बाहेर काढायला इतकी ओढली होती की ती आता मिटेना. भोजच्या परिसरातल्या सगळ्या डासांना ही बातमी कळली. मध्यरात्री बाहेर काहीतरी जड फुसफुसायला लागलं. मी टॉर्च हातात धरून बराच वेळ, न लावता, पडून राहिलो. अलीकडे बदलापूर-अंबरनाथच्या बाजूला बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात, त्या सगळ्या ओळीने आठवल्या. पाढे म्हणावेसे वाटले. मग त्या फुसफुसण्याने तंबूची दोरी चावायला सुरुवात केली आणि गळ्यातली घंटा वाजली. लांबून लोकलचा भोंगा आला. शेवटची कर्जत असावी. आयुष्यात त्या गाडीचा मला इतका आधार कधी वाटला नव्हता, त्यात बसायला जागा नसते तरी.

सकाळी सूर्य तंबूच्या पाठीमागून उगवला.

याचा खुलासा मला नंतर नकाशा बघून झाला. मध्य रेल्वे मुंबईहून वर जाते तेव्हा तिच्या उजव्या हाताला पूर्व, डाव्या हाताला पश्चिम. कल्याणला कर्जतचा फाटा आग्नेयेकडे वळतो, पण स्टेशनांच्या पाट्या वळत नाहीत. त्यामुळे आमचं बदलापूर पूर्व खरं तर नैर्ऋत्येला आहे आणि सूर्य बदलापुरात पश्चिमेकडून, म्हणजे आमच्या घराच्या बाजूने, बारवी धरणाकडून उगवतो. इतकी वर्षं तिथे राहून मी हे पाहिलं नव्हतं, कारण त्या वेळी मी फलाटावर पाठ करून उभा असतो. मुलं ओटीवरून सूर्योदय बघत होती. तिथून सुरेख दिसत होता.

पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला. विशीतला, कानात एक हेडफोन. त्याने काही विचारलं नाही. आधी सगळ्यांना बांधावर उभं केलं, मग काकांनी चाकांपुढे पहारीने चर काढून त्यात दगड आणि पेंढा भरला, साखळी लावली. मी सूचना देत होतो. ट्रॅक्टर एकदा गुरगुरला आणि आमची गाडी, पायपुसणी आणि सतरंजीसकट, वर आली. शाल आली नाही. मी थोरल्याला म्हणालो, ‘‘बघितलंस? याला म्हणतात चार चाकांची ताकद.’’

थोरला ट्रॅक्टरच्या खाली वाकून बघत होता. ‘‘नाही बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘यालाही मागचीच दोन आहेत.’’

पुतण्याने कानातला हेडफोन काढला. ‘‘आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टर टू व्हीलच असतात,’’ तो म्हणाला. ‘‘टायर बघा ना, केवढे खाचांचे. आणि वजन.’’ मग थोडा थांबून, माझ्या वयाचा मान राखत, ‘‘आणि कुठून घालायची ते बघून घालतात.’’

पैसे त्याने डिझेलपुरते घेतले. धाकटीला मांडीवर बसवून खडीच्या रस्त्यापर्यंत एक फेरीही मारून आणली, तिचे पैसे घेतले नाहीत. आम्ही मऊ टायरांवर, बैलाच्या चालीने, खरवईच्या पंक्चरवाल्यापर्यंत आलो. त्याने हवा भरली, गाडीभोवती फिरला, मागची अक्षरं वाचली आणि म्हणाला, ‘‘कुठला ट्रॅक मारला, साहेब?’’

संध्याकाळी गाडी परत करायला अंबरनाथला गेलो. वाटेत धुऊन घेणार होतो, पण रविवारी सगळीकडे रांगा. टपापर्यंत चिखल, काचेवर वायपरने काढलेले दोन अर्धगोल, बंपरमध्ये पेंढा. काय सबब सांगावी ते ठरवतच मी गेटातून आत शिरलो. साडू खाली उभे होते आणि त्यांच्याबरोबर सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी आणि वॉचमन. साडूंनी गाडी बघितली. चेअरमननी गाडी बघितली.

‘‘अरे वा,’’ चेअरमन म्हणाले, ‘‘म्हणजे खरंच चालते म्हणायची ही.’’

‘‘फोर बाय फोर आहे,’’ साडू म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता किल्ली घेतली. मी म्हणालो, धुण्याचे पैसे मी देतो. त्यांनी माझा हात दाबला. ‘‘धुवायची नाही. राहू द्या.’’

त्या दिवसापासून गाडीवर कापड घातलेलं नाही. ती गेटासमोर उभी असते आणि वॉचमनला ताकीद आहे, पाण्याचा पाइप तिच्या बाजूला न्यायचा नाही. काल साडूंचा फोन आला होता. चिखल वाळून पडायला लागलाय, पुढच्या शनिवारी पुन्हा नेता का, असं विचारत होते. मुलं तयार आहेत, बायकोसुद्धा. त्यांची एकच अट आहे की ओहोळाची वाट चुकायची नाही आणि पुतण्या घरी आहे का ते आधी फोन करून विचारायचं.